बिल कुणाच्या नावावर?



परवा वस्तीतल्या बैठकीत मी विचारलं, "विजेचं बिल कोण भरतं?" बरेच हात वर झाले. "बिलावर नाव कुणाचं?" हात खाली आले. कुणाच्या नवऱ्याचं, कुणाच्या दिराचं. एकीच्या बिलावर तर वारलेल्या सासऱ्यांचं.

छतावरच्या सौर विजेचा विषय इथूनच सुरू होतो. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण वीजजोडणी ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावाने होतो.

नेट मीटरिंगचा हिशोब आपल्याला नवा नाही. शेजारणीशी वाटीभर साखरेची देवघेव असते, तसाच. दुपारी आपली जास्तीची वीज तारेवरून बाहेर जाते, रात्री आपण तिथूनच घेतो. मीटर दोन्ही मोजतो. महिन्यात १५० युनिट घेतले, ११० दिले, तर वीज आकार ४० युनिटचा. जास्त दिले, तर शिल्लक पुढच्या महिन्यात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. तेव्हा 'बिल शून्य' म्हणणाऱ्या विक्रेत्याला तो आधी विचारा.

आज घरी गेल्यावर बिल काढा, नाव वाचा. ते बदलायचं तर घराचे कागद मागतात. म्हणजे सूर्य सगळ्यांचा असला तरी छत कुणाचं, हा आपला जुना प्रश्न उरतोच. तो आता घरात विचारूया.