घरचा डॉक्टर आणि साथीचे दिवस



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. मी आयुष्यभर मराठी शिकविली. वैद्यकात माझा अधिकार नाही. रुग्णाचा नातलग म्हणून जे अनुभवले, तेवढेच सांगणार आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे पहिले निदान केले ते मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते त्या वस्तीत व्यवसाय करणारे डॉक्टर होते. पुढे सरकारने घरोघर झडत्या घेतल्या, आजाऱ्यांना बळेच हलविले, आणि लोक रुग्ण लपवू लागले. तपासणारा परका असला की आजार दडतो.

कोरोनाच्या साथीत बहुसंख्य रुग्ण घरीच बरे होण्याजोगे होते. प्रश्न होता तो पारखीचा : घरी कोणी राहावे आणि रुग्णालयात कोणी, केव्हा जावे? मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘माझा डॉक्टर’ म्हणून घरच्या डॉक्टरांना साद घातली, ती यासाठीच.

त्याआधीच्या एप्रिलात माझी पत्नी येथे भोपाळात आजारी पडली. १९८४ च्या वायुकांडापासून तिला दम लागतो, हे आमच्या डॉक्टरांना कागद न पाहता ठाऊक होते. ते दिवसातून दोनदा दूरध्वनी करीत, तिला सहा मिनिटे चालावयास सांगत आणि ऑक्सिमीटरवरील आकडा विचारीत. रेमडेसिविर आणि स्टेरॉइड द्या, म्हणून मी हट्ट धरला. ते म्हणाले, “रेमडेसिविर घरी द्यायचे औषध नव्हे. आणि प्राणवायू पुरेसा असताना स्टेरॉइडने लाभ नाही, अपायच संभवतो.” रागाच्या भरात मी त्यांना नको ते बोललो.

सहाव्या सायंकाळी चालल्यानंतर आकडा ९६ वरून ९२ वर उतरला. “आता तासभरही थांबू नका,” ते म्हणाले. त्याच रात्री तिला दाखल केले. ती सुखरूप परतली.

क्षमा मागावयास गेलो, तेव्हा त्यांच्या दवाखान्यात रांग होती. ते एवढेच म्हणाले, “सर, पुढच्या आठवड्यात काकूंना रक्तदाब तपासायला आणा.”

मित्रहो, औषध केव्हा द्यावे याइतकेच ते केव्हा देऊ नये, हे सांगणारा माणूस साथीत हवा असतो. त्याचा नकार आपण ऐकतो तो वर्षानुवर्षांच्या विश्वासामुळे. असा विश्वास साथ आल्यावर उभा करता येत नाही. तो आधीच्या निरोगी दिवसांत जोडावा लागतो.