काळी माती, कुत्रा आणि प्लास्टिकचं गवत

आजचा विषय थोडा वेगळा आहे. अंगणात कुत्र्यासाठी आर्टिफिशियल टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, टाकायचं का? आणि टाकायचं तर आपल्या कळमनुरीच्या काळ्या मातीवर कसं?

मी नोकरीसाठी पुण्यात. आई-बाबा आणि आमचा शेरू गावाकडं. पावसाळ्यात शेरूच्या बोटांच्या मधली कातडी ओली राहून लाल होते आणि दिवसातून चार वेळा त्याचे पाय धुणं आईच्या गळ्यात पडतं. म्हणून हा विषय नीट समजून घेतला.

इंटरनेटवरचे व्हिडिओ सांगतात, सहा इंच खोदा, गिट्टी भरा, टर्फ अंथरा. आपल्याकडं हे चालत नाही. आपली माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात अख्खा हात जाईल अशा भेगा आपण शेतात बघतोच. आणि एकदा भिजून फुगली की ती पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणजे खड्डा खोदून गिट्टी भरली तर तुम्ही चक्क हौद बांधला. पाऊस आणि कुत्र्याचं मूत दोन्ही त्यात साचणार. मग वास, माश्या आणि परत ओले पाय.

तुमची माती किती फुगते ते घरीच बघा. वाळलेली माती बारीक चाळा, दोन काचेच्या ग्लासांत सारखीच घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात थोडं रॉकेल. ढवळून एक दिवस ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींच्या उंचीतला फरक बघा. सिव्हिलच्या लॅबमध्येही तत्त्व हेच वापरतात.

आता उपाय. खोदून खाली जायचं नाही, भर टाकून वर यायचं. काळ्या मातीतून कालवा नेताना अस्तर फुटायचं, त्यावर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर मधे घालायची पद्धत दिली. कालव्याला तो थर चांगला जाड लागतो. आपलं गवत लवचिक आहे, थोडं वरखाली झालं तरी फुटत नाही, म्हणून आपलं कमीत भागतं.

क्रम असा. वरचं तण खरवडून काढा. मातीलाच उतार द्या, दहा फुटांना दोन इंच, घराच्या पायापासून लांब, नालीकडं. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, नाहीतर मुरूम हळूहळू चिखलात गडप होतो. मग सहा इंच मुरूम, दोन थरांत, थोडं पाणी मारून धुम्मस करून, उतार तोच ठेवून. वर तीन इंच गिट्टी आणि शेवटी बारीक गिट्टीचा हात. डस्ट नको, ती छिद्रं बुजवते. पाणी गवतातून गिट्टीत उतरतं आणि मुरमाच्या उतारावरून वाहून जातं. खालच्या कडेला छिद्रांचा पाइप टाकून तो नालीला जोडा. शोषखड्ड्याच्या भरवशावर राहू नका, काळी माती शोषतच नाही.

काम कधी काढायचं? पावसाळ्यात चिखलावर धुम्मस होत नाही. मे महिन्यात भेगा उघड्या असतात, मुरूम आत पडतो, आणि पहिल्या पावसाला माती फुगली की जमीन उचलली जाते. दिवाळीनंतर माती मधल्या ओलाव्यात असते, तेव्हा करा.

आता खरी अडचण, ऊन. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. भर उन्हात प्लास्टिकचं गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. कुत्र्याचे तळवे पोळतात. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. म्हणून टर्फ फक्त सावलीत टाका.

दुसरी अडचण, वास. मुतातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. रोज पाणी मारावंच लागतं, आणि उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच मारामार असते. वाळूऐवजी झिओलाइट नावाचं खनिज पसरलं तर ते अमोनिया धरून ठेवतं, पण धुणं काही सुटत नाही.

माझं मत सांगतो. अख्खं अंगण हिरवं करू नका. दाराजवळ, सावलीत, सहा बाय आठ फुटांचा तुकडा करा, म्हणजे पावसाळ्यात त्याला कोरडी जागा मिळेल. बाकी ठिकाणी मुरूम टाकून हरळी वाढू द्या. ती फुकट आहे, उन्हात तापत नाही, आणि कुत्र्याला उकरायला माती लागतेच. आणि पैसे थोडेच असतील तर आधी उतार आणि मुरूम करा. गवत पुढच्या वर्षी आलं तरी चालेल, पाय मात्र याच पावसाळ्यात कोरडे राहतील.

तुमच्याकडं माती कशी आहे, ग्लासात किती फुगली, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!