आधी थांबायचं, मग पळायचं

आज आमच्या घरच्या 1998 च्या मारुती 800 बद्दल बोलतो. नाव मारुती, पण डिझाईन आणि इंजिन जपानच्या सुझुकीचं. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी भारतात रस्त्यावर आली, जानेवारी 2014 मध्ये बंद झाली. म्हणजे आपल्यासाठी हीच क्लासिक जपानी कार की ओ!

माझ्या डोक्यात एक खूळ होतं, हिला जुन्या झेनचं इंजिन टाकायचं. हिचं 796 सीसी, तीन सिलिंडर. झेनचं 993 सीसी, चार सिलिंडर. पैसेसुद्धा साठवले होते.

तेवढ्यात पप्पांना घेऊन तुळजापूरला गेलो. येताना घाटात उतारावर ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं. दाबतोय, तर थेट खालीच जातंय! पप्पा एवढंच म्हणाले, ‘गिअर खाली घे.’ सेकंडला घेतली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि कशीबशी कडेला लावली. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही.

सोलापुरात मिस्त्रीकाकांनी मागचा ड्रम उघडला. व्हील सिलिंडर गळत होता, लायनर ओले झालेले. ब्रेक ऑइल काळं पडलेलं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं बघा. नवीन डॉट 3 किमान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हा आकडा 140 पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की ऑइलची वाफ होते. वाफ दबते, मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

घरी येऊन हिशेब केला. वेग 60 वरून 80 वर नेला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते. आणि मी निघालो होतो याच ब्रेकवर मोठं इंजिन बसवायला!

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. आरसीवर इंजिन नंबर असतो. उद्या अपघात झाला, तर इन्शुरन्सवाले आधी तोच बघणार.

मग झेनचे पैसे ब्रेकला लावले. डिस्क पॅड, लायनर, दोन्ही व्हील सिलिंडर, होज पाईप, मास्टर सिलिंडरचं किट, नवीन ऑइल. सगळं 800 चंच. हवा काढताना पेडल मारायला पप्पा बसले. उरलेल्या पैशात जुन्याच इंजिनाच्या रिंगा आणि टायमिंग बेल्ट बदलला.

गाडी पहिल्याएवढीच पळते. पण परवा त्याच घाटातून पप्पांनी स्वतः चालवत आणली.

तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? आठवत नसेल, तर या रविवारी बदलून घ्या. भेटू पुढच्या भागात!