मोटारगाडीतील संगणकाचे संरक्षण

(तंत्रनिकेतनातील मोटार अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



मोटारगाडीची सुरक्षितता म्हटली की कुलूप, किल्ली आणि ब्रेक एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु गाडीला हातही न लावता, दूर बसून तिचा ताबा घेता येतो, हे २०१५ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेत दिसून आले. ती घटना तपशिलाने समजून घेणे अगत्याचे आहे.

सेंट लुईस शहरातील महामार्गावरून अँडी ग्रीनबर्ग हे पत्रकार जीप चेरोकी गाडी चालवीत होते. कित्येक मैलांवरील एका घरात चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक हे संशोधक संगणक घेऊन बसले होते. प्रयोगाची कल्पना ग्रीनबर्ग यांना होती. नेमके काय घडणार, ते मात्र सांगितलेले नव्हते. प्रथम थंड हवेचा झोत आपोआप सुरू झाला, रेडिओ कर्कश वाजू लागला, वायपर फिरू लागले. नंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना आणि भर रहदारीत ती मंदावत गेली. पुढे मोकळ्या जागेत ब्रेक निकामी करून दाखविण्यात आले, तेव्हा गाडी खड्ड्यात उतरली. वाहत्या रस्त्यावर असा प्रयोग करणे मला उचित वाटत नाही. त्यातून उघड झालेले सत्य मात्र नाकारता येत नाही.

हे साधले कसे? गाणी व नकाशे पुरविणारा गाडीतील संच मोबाईल जाळ्याशी जोडलेला होता आणि त्यात शिरण्याचा एक संगणकीय मार्ग उघडा राहिला होता. त्या संचातील दुसरी एक चिप गाडीच्या अंतर्गत संदेशवाहिनीशी जोडलेली होती. तिच्यातील आज्ञावली बदलणारा अधिकृत आहे की नाही, याची खातरजमा होतच नव्हती. संशोधकांनी ती बदलली आणि वाहिनीवर आपले संदेश सोडले.

‘कॅन’ नावाची ही वाहिनी बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. त्या काळी गाडीचा बाहेरच्या जगाशी संपर्क नव्हता. त्यामुळे आलेला संदेश कोणी पाठविला, हे विचारण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. घरातली माणसे एकमेकांना ओळखपत्र मागत नाहीत, तसाच हा व्यवहार. पुढे या घराला रस्त्याकडे नवे दार पाडले गेले, पण आतील व्यवस्था जुन्याच विश्वासावर चालू राहिली. दोषाचे मूळ येथे आहे.

निर्मात्या कंपनीला सुमारे १४ लाख वाहनांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली. मालकांना सुधारित आज्ञावली टपालाने, यूएसबीवर पाठविण्यात आली. यात वाहनधारकाचा काहीच अपराध नव्हता आणि सावध राहूनही त्याला हे टाळता आले नसते. म्हणून जबाबदारी निर्मात्यावरच असली पाहिजे, आणि तीही विक्रीच्या दिवसापुरती नव्हे. आपल्याकडे गाडी पंधरा-पंधरा वर्षे चालते. तोवर संगणकीय सुधारणा मिळत राहणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असे मी मानतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०२० मध्ये संमत झालेला नियम क्रमांक १५५ याच दिशेने जातो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून तो सर्व नव्या मोटारगाड्यांना लागू झाला आहे.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. केंद्र शासनाने २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र व आपत्कालीन बटण बंधनकारक केले. प्रवाशांच्या, विशेषतः महिलांच्या दृष्टीने ते इष्टच आहे. पण तेही बाहेरच्या जाळ्याशी बोलणारे यंत्र आहे, हे ते बसविणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

उद्या गॅरेजमध्ये बसणारे तुम्हीच आहात. स्टिअरिंगखालील तपासणी-जोडणीला कोणतेही स्वस्त, अनोळखी उपकरण लावून ठेवू नका. ती जोडणी थेट संदेशवाहिनीकडे जाते. जुनी गाडी विक्रीस आली, तर पहिल्या मालकाच्या मोबाईलवरील तिचे खाते बंद झाले आहे का, हे पाहा. अन्यथा कागदोपत्री गाडी नव्या मालकाची होते आणि तिचे दार उघडण्याची सोय जुन्या मालकाच्या खिशात राहते.