माल आपला, मग पत्ता दुसऱ्याचा का?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बियाणे, पीकविमा, कापसाचा भाव यांवर आधीच्या वक्त्यांनी सांगितले. आमच्या वाट्याला आलेला विषय जाहीर झाला तेव्हा मागची मंडळी हसली. विषय आहे, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या धंद्याचे ठिकाण कसे टाकायचे. हसायला हरकत नाही. पण हा पोरांचा खेळ म्हणून सोडून द्यायचा विषय नाही. आपला माल कुठला हे जगाला कोण सांगणार, आपण की दुसरा, एवढाच यातला प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. तेरणेकाठचे आपले तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराची माहितीवही लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. तीत तगराचे नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठे शहर, तिथून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर येते, असे तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला कापड कोणत्या गावाहून निघाले हे ठाऊक होते. आज त्याच जिल्ह्यातला कापूस जिनिंगच्या दारात रिकामा झाला की त्याचे गाव पुसले जाते. १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी आली, तेव्हा तर दुसऱ्याला कापूस विकायचीच बंदी होती. सगळा माल सरकारी ढिगात. ज्याला गिऱ्हाईक निवडता येत नाही त्याचा पत्ता कोण विचारतो?

ज्वारीचेही तेच. परंडा, भूम, वाशीच्या काळ्या रानातली शाळू बार्शीच्या अडतीवर उतरली की ती कोणत्या शिवारातली हे पुढे कोणी विचारत नाही. ज्यांनी नाव जपले त्यांच्याकडे पाहा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली मिळाले. आपल्या जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्यालाही त्याच वर्षी मिळाले. नावाला किंमत असते, हे कायद्यानेही मान्य केले आहे. पण मानांकन मुलखाचे असते. तुमचे खळे, तुमची डाळगिरणी, तुमच्या बचत गटाची पापड-शेवयांची खोली कुठे आहे, हे ते सांगत नाही. ते तुम्हालाच सांगावे लागते.

आता आधी खरे ते सांगतो. फोनवर ठिकाण टाकल्याने कापसाचा भाव वाढणार नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. ती लढाई रस्त्यावरची आहे आणि ती रस्त्यावरच लढावी लागेल. सरकी काढून गाठ बांधल्याशिवाय कापूस गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही. म्हणून कापूस उत्पादकाने या कामाकडून भावाची आशा धरू नये.

ज्वारीची गोष्ट वेगळी. ज्वारी तशीच्या तशी चुलीपर्यंत जाते. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये होता, म्हणजे किलोला साडेसदतीस. पुण्यातल्या दुकानात ज्वारीवर किती रुपयांची पाटी असते ती आपापल्या पोरांना विचारा आणि मधला फरक स्वतः मांडा. त्यातला काही भाग तरी आपल्या घरी राहावा असे वाटत असेल, तर पुण्या-सोलापूरचे गिऱ्हाईक आपल्यापर्यंत पोचले पाहिजे. हुरड्याचे तर विचारूच नका. हुरडा गिऱ्हाइकाकडे नेता येत नाही, गिऱ्हाईकच आगटीपाशी यावे लागते. मोटार घेऊन आलेला माणूस पाटीवर थांबून, चार जणांना विचारून, पांदीत गाडी रुतवून परत गेला तर तो पुन्हा येत नाही. आला आणि खुश झाला तरी अडचण आहे. तो फोटो टाकतो आणि ठिकाण शोधतो. आपले ठिकाण यादीत नसेल तर जवळचे जे सापडेल ते लावून टाकतो. हुरडा तुमचा, नाव रस्त्यावरच्या हॉटेलाचे!

ठिकाण टाकायचे कसे

पहिली गोष्ट, पत्ता म्हणजे काय ते समजून घ्या. तलाठ्याला गट नंबर कळतो, फोनला कळत नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस. पण तो टपालासाठी आहे. ४१३ ने सुरू होणारा पिन धाराशिवचा आहे, तसा सोलापूरचा, लातूरचा आणि बारामतीचाही आहे. एका पिनमध्ये कितीतरी गावे बसतात. फोन ओळखतो ते अक्षांश-रेखांश. टपाल खात्याने २०२५ साली डिजिपिन आणला, त्यातही चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा वेगळा क्रमांक आहे. म्हणजे खळ्याला आता खळ्याचाच पत्ता मिळू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे धंद्यासाठीचे वेगळे अ‍ॅप २०१८ पासून फुकट मिळते. एकाच नंबरावर साधे आणि धंद्याचे अशी दोन्ही चालत नाहीत, म्हणून गटासाठी वेगळा नंबर ठेवा. त्यात धंद्याच्या माहितीत पत्ता लिहायची जागा आहे आणि नकाशावर खूण लावायची सोय आहे. फेसबुकवर स्वतःच्या नावाच्या खात्यात हे करू नका. गटाचे वेगळे पेज काढा, संपर्काच्या माहितीत गाव, तालुका, पिन भरा आणि नकाशावरची खूण सरकवून बरोबर जागी आणा. इन्स्टाग्रामवर नवे ठिकाण थेट तयार करता येत नाही, ते आधीच्या यादीतून निवडावे लागते. म्हणून फेसबुकचे काम आधी. पूर्ण पत्त्याचे पेज झाले की काही काळाने ते ठिकाण तिकडच्या यादीत सापडू लागते.

खूण घरी बसून लावू नका. ज्या फाटकातून गाडी आत येणार, त्या फाटकात उभे राहून लावा. आपला जिल्हा उत्तर अक्षांश १८ आणि पूर्व रेखांश ७६ च्या आसपास आहे. आकडा यापासून फार लांब दिसला तर खूण चुकली. एकाच नावाची गावे तीन-तीन तालुक्यांत असतात, म्हणून तालुका लिहिलाच पाहिजे. मग परगावच्या एखाद्या पाहुण्याला नुसता पत्ता पाठवा आणि न विचारता यायला सांगा. तो पोचला तर काम झाले.

जिल्ह्याच्या नावाचे काय? शहराचे नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये बदलले, जिल्ह्याचे आणि तालुक्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये, रेल्वे स्थानकाचे २०२५ साली. त्या वादात आज पडायचे कारण नाही. पण गिऱ्हाईक दोन्ही नावांनी शोधते. नकाशाच्या यादीत एक नाव सापडले नाही तर दुसरे टाकून पाहा आणि माहितीत स्वच्छ लिहा, धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद. धान्याचे वाणही लिहा. मालदांडी असेल तर मालदांडी, परभणी मोती असेल तर परभणी मोती. जे नाही ते लिहू नका. मंगळवेढ्याचे नाव उसने घेऊन आपली ज्वारी विकाल, तर आपल्या नावाची चोरी झाल्यावर ओरडायचा हक्क राहणार नाही.

किल्ली कोणाकडे?

आता सगळ्यात महत्त्वाचे. पेज काढून देणारा गावातला हुशार पोरगा असतो. पासवर्ड त्याच्या डोक्यात, नंबर त्याच्या खिशात. तो नोकरीला हैदराबादला गेला की गटाचे दुकान त्याच्याबरोबर गेले. गटाच्या इतिवृत्तात ठराव घ्या. पेजवर गटातल्या दोन-तीन जणांना पूर्ण अधिकार द्या, त्यात एक तरी बाई असू द्या. नंबर गटाच्या मालकीचा ठेवा. आलेला ओटीपी कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही. बायका घरातून पदार्थ विकत असतील तर घराचा उंबरा नकाशावर दाखवू नका. गटाची खोली किंवा गावातली ठरलेली जागा दाखवा. पीठ, पापड भरून विकायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणीही करून घ्या.

आणि हे विसरू नका, की ही तिन्ही दुकाने एकाच मालकाची आहेत. फेसबुकने इन्स्टाग्राम २०१२ साली घेतले, व्हॉट्सअ‍ॅप २०१४ साली घेतले. उद्या मालकाने नियम बदलला तर तो आपल्याला विचारणार नाही. आपण दुसऱ्याच्या वाड्यात मांडी घालून बसलो आहोत, एवढे भान ठेवा. म्हणून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, नंबर आणि काय घेतले हे साध्या वहीत लिहा. वाडा सुटला तरी वही आपली राहील.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा एकरी उतारा कसा वाढवायचा हे शिकलो. माल कोणाच्या नावाने विकला जातो, हे त्या पुस्तकांत नव्हते. ते चळवळीत शिकलो. सरकारच्या ढिगातून सुटायला आपल्याला किती वर्षे लागली ते तुम्ही जाणता. आता कंपनीच्या ढिगात पुन्हा बेनाव होऊन पडायचे नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने तीन गोष्टी आणाव्यात: फाटकात उभे राहून लावलेली खूण, अधिकार कोणाकडे याचा ठराव आणि गिऱ्हाइकांची वही. ज्यांच्याकडे ठिकाण टाकण्यासारखा धंदाच नाही, त्यांनी नुसती वही आणली तरी चालेल. त्या वहीत पहिले नाव कोणाचे लिहायचे, हे आपण मिळून ठरवू.