सी व्ह्यू, पश्चिमेचं ऊन आणि संगणक

(काशीदला घरमालक, गवंडी-सुतार आणि वास्तुकलेचे काही विद्यार्थी यांच्या छोट्या बैठकीत झालेलं हे बोलणं. वाचताना अडखळायला होईल अशी वाक्यं थोडी जुळवून घेतली आहेत, बाकी बोललं तसंच.)

मागेपर्यंत आवाज पोचतोय ना? छान.

मी आर्किटेक्ट आहे. माझं बरंचसं काम अलिबाग ते मुरूड या पट्ट्यातलं. आजचा विषय कागदावर फार मोठा दिसतो: डिजिटल तंत्रज्ञानामुळे आमचा धंदा कसा बदलतोय आणि त्यातून पर्यावरणाला झेपतील अशी घरं होणार का. एवढं सगळं एका बैठकीत होणार नाही. म्हणून मी एकाच घराबद्दल बोलतो, समुद्राकाठच्या घराबद्दल. ते घर सध्या सगळ्यांनाच हवंय. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईकराला हा किनारा आणखी जवळ आला. जागा घेणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, सी व्ह्यू पाहिजे. पूर्ण काच."

आता गंमत बघा. आपला समुद्र आहे पश्चिमेला. म्हणजे सी व्ह्यू मागितला की त्याच्यासोबत दुपारनंतरचं ऊन फुकट मिळतं.

काशीद साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो. ते ऊन छपरावर पडतं, भिंतीला फारसं लागत नाही. पण मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता तोच सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८ अंशांवर असतो आणि सरळ समुद्राच्या बाजूने घरात घुसतो. तीन मीटर उंच काच लावली आणि त्या वेळी तिच्यावर पूर्ण सावली हवी म्हटली, तर छप्पर किती पुढे काढावं लागेल? जवळजवळ साडेपाच मीटर! एवढं छज्जं कोणी काढत नाही. मग काय करतात? एसीचा टनेज वाढवतात.

हे गणित पूर्वीही करता यायचं. सूर्याचे तक्ते होते, कंपास होता, आम्ही कॉलेजात ते काढलेले आहेत. पण त्यात अर्धा दिवस जायचा आणि घरमालकाला कागद दाखवून काही कळायचं नाही. आज मी मॉडेलमध्ये अक्षांश-रेखांश टाकतो, १५ मेचे पाच वाजवतो आणि स्क्रीनवर दाखवतो, "हे बघा, तुमचा सोफा इथे आहे आणि ऊन इथपर्यंत येतंय." समोरचा माणूस स्वतःच म्हणतो, मग सोफा सरकवू या, नाहीतर इथे पडवी काढू या. माझ्या मते संगणकाने आमच्या कामात केलेला सगळ्यात उपयोगी बदल हा आहे. वाद घालावा लागत नाही, दोघं मिळून बघता येतं.

पण ऊन सोपं आहे. वारा अवघड आहे.

दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. दमट हवेत गारवा वाटायचा असेल तर हा वारा अंगावरून जायला हवा. म्हणजे पश्चिमेची बाजू उन्हासाठी बंद हवी आणि वाऱ्यासाठी उघडी हवी. त्यात पावसाळ्यात त्याच बाजूने, नैर्ऋत्येकडून, पाऊस आडवा येतो. तीन मागण्या, तिन्ही एकाच भिंतीकडून. जुन्या घरांनी यावर तोडगा काढला होता. उतरती कौलं खाली आणली, पुढे पडवी ठेवली आणि घर वाडीच्या मागे बांधलं. नारळी-पोफळीच्या सावलीतून गाळून आलेला वारा घरात घेतला. एकदम वाळूवर जाऊन बसायची हौस तेव्हा कोणाला नव्हती.

आता नव्या घराचं उदाहरण सांगतो, तेही जवळचंच. इथून मुरूडच्या दिशेने निघालं की नांदगाव लागतं. तिथल्या नारळाच्या वाडीत स्टुडिओ मुंबईने, म्हणजे बिजॉय जैन यांच्या चमूने, २००७ मध्ये 'पाल्मायरा हाउस' पूर्ण केलं. ऐनाच्या लाकडाचा सांगाडा, सुतारकामाच्या जुन्या पद्धतीच्या जोडण्या, आणि दर्शनी बाजूंना ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपा. वारा आत येतो, ऊन चाळून येतं. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत हे घर होतं.

मी हे का सांगतोय? या चमूची ओळख आहे ती सुतार आणि गवंडी यांना सोबत घेऊन, प्रतिकृती आणि खऱ्या मापाचे नमुने करून बघत काम करण्याची. नमुना उभा करायचा, बघायचा, बदलायचा, मग बांधायचं. विद्यार्थी मला विचारतात, "सर, हाताचं काम चांगलं की सॉफ्टवेअर?" मला दोन्हींत एक गोष्ट सारखी दिसते: बांधण्याआधी करून बघणं. खऱ्या मापाची झडप उभी करून बघायला वेळ, लाकूड आणि तसा सुतार लागतो. ज्याचं बजेट साधं आहे त्याच्यासाठी तीच झडप मॉडेलमध्ये वीस कोनांत फिरवून बघता येते. आधी संगणकावर वीस बघा, मग त्यातल्या दोन सुताराकडून करून घ्या.

आता सावधपणाची गोष्ट. घरात गरमी किती होईल हे काढणारी सॉफ्टवेअर आहेत. 'एनर्जीप्लस' तर फुकट मिळतं. त्याला हवामानाची फाईल द्यावी लागते: वर्षाचे ८,७६० तास, दर तासाचं तापमान, दमटपणा, वारा, ऊन. आपल्या भागासाठी फाईल शोधायला गेलं की बहुतेक वेळा हाताला लागते मुंबईची. म्हणजे घर काशीदचं आणि हवा मुंबईची! मागचा फणसाडचा डोंगर, पुढची सुरूची रांग, शेजारची वाडी, यातलं काही त्या फाईलला ठाऊक नाही. उत्तर मात्र दशांश चिन्हापुढे दोन आकडे दाखवून येतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो.

यावर उपाय महागडा नाही. तापमान आणि दमटपणा नोंदवणारं छोटं यंत्र काही हजार रुपयांत येतं. ते मे महिन्यात प्लॉटवर सावलीत टांगा, दोन-तीन आठवडे राहू द्या आणि मुंबईच्या फाईलशी ताडून बघा. आणि होडी घेऊन जाणाऱ्या कोळी दादांना विचारा, वारा किती वाजता फिरतो, कुठल्या महिन्यात कुठून येतो. तीही माहितीच आहे, फक्त एक्सेलमध्ये नाही.

आता मुख्य मुद्दा. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. इथे बसलेल्यांना मी काय सांगणार? रायगडच्या किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने ते आत आलं. कौलं गेली, पत्रे गेले, वाड्या आडव्या झाल्या. आणि नंतर वीज नव्हती. कित्येक गावांत दिवसचे दिवस नव्हती. त्या दिवसांत पूर्ण काचेचं, खिडक्या न उघडणारं घर म्हणजे बंद डबा.

म्हणून मी हल्ली प्रत्येक घराच्या मॉडेलमध्ये एक चाचणी करतो. एसी बंद, पंखा बंद, मेचा शेवटचा आठवडा. रात्री तीन वाजता झोपायच्या खोलीत किती तापमान आहे? सॉफ्टवेअरमध्ये याला फार खटपट लागत नाही. पण सहसा कोणी विचारत नाही, कारण आम्हाला काम मिळतं ते "किती टनाचा एसी लागेल" हे काढायचं. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. प्रश्न आपण ठरवायचा असतो.

सरकारी मापही हाताशी आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 'इको-निवास संहिता' २०१८ मध्ये आली. तिच्यात घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे, दर चौरस मीटरला १५ वॉट. आणि उष्ण-दमट भागात उघडणारं क्षेत्र खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश हवं. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट उघडणारी खिडकी. उघडणारी म्हणतोय मी. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, त्यामुळे ती अर्धीच धरायची. ही संहिता मोठ्या प्लॉटांसाठी लिहिली आहे, पण छोट्या घराने ती वापरली तर कोण अडवणार आहे?

आणखी एक गोष्ट, गवंडी मंडळींसाठी. टिकाऊ घर म्हणजे आधी टिकणारं घर. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंट बनवण्यातून येतो. खाऱ्या हवेने सळई गंजून वीस वर्षांत स्लॅब फोडावा लागला, तर ते सिमेंट दोनदा जाळलं. आयएस ४५६ प्रमाणे किनाऱ्यावरच्या आरसीसीला किमान एम-३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर हवं. जिथे लाटांचे तुषार लागतात तिथे एम-३५ आणि ५० मिलिमीटर. इथे मला सगळ्यात उपयोगी पडणारं डिजिटल साधन कुठलं माहितीये? व्हॉट्सॲप. ओतकामाच्या आदल्या दिवशी कव्हर ब्लॉकचे फोटो, टेप लावून. फोटो आल्याशिवाय मिक्सर सुरू करायचा नाही. नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे नकाशा, वेळ आणि खर्च एकाच मॉडेलमध्ये. ते मोठं काम. आपल्या बंगल्याला एवढी शिस्त पुरते.

तर तुमच्यापैकी जे घर बांधणार आहेत त्यांनी आपल्या आर्किटेक्टला तीन प्रश्न विचारा. मलाही विचारा. एक, मेमध्ये पाच वाजता ऊन कुठपर्यंत येतं ते दाखवा. दोन, हे आकडे कुठल्या गावच्या हवेवर काढलेत? तीन, आठवडाभर वीज गेली तर या खोलीत आम्ही झोपू शकू का?

स्क्रीनवरचं चित्र कितीही देखणं असलं तरी या तीन उत्तरांशिवाय सही करू नका. माझं एवढंच. आता तुमचे प्रश्न घेतो, आणि सुतार मंडळींनी आधी बोलावं, झडपांबद्दल मला त्यांचं ऐकायचंय.