एकट्याची डोंगरवाट

देवास जिल्ह्यातील उदयनगर विंध्याच्या रांगांत वसले आहे. डोंगर ही मुद्दाम पाहण्यास जावे अशी वस्तू आहे, असे डोंगराळ मुलखातील माणसास सहसा वाटत नाही. सरपणासाठी, मोहाच्या फुलांसाठी तो चढतो आणि काम झाले की उतरतो. केवळ माथा गाठावा आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी यावे, तेही एकट्याने, हा छंद शहरवासीयांचा. तथापि एकट्याच्या डोंगरवाटेची फार जुनी कथा या विंध्याचीच आहे.

विंध्य वाढू लागला आणि सूर्याची वाट अडली, तेव्हा अगस्ती मुनी दक्षिणेस निघाले. पर्वत त्यांच्यापुढे नमला. आपण परतेपर्यंत असेच राहावे, अशी आज्ञा करून मुनी पुढे गेले ते पुन्हा आलेच नाहीत. माळव्याकडून येणाऱ्यास विंध्य हा पर्वत असा भासतच नाही. पठार सपाटच चालत येते आणि नर्मदेच्या बाजूस एकाएकी तुटते. ज्याने ही कथा रचली त्याने हा डोंगर डोळे भरून पाहिला असला पाहिजे.

या अगस्तींचा आश्रम महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी, अकोले येथे दाखवितात. आणि त्याच अकोले तालुक्याच्या सीमेवर कळसूबाईचे शिखर उभे आहे. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. त्याचीही कथा एकटीच्या चढणीची आहे. रानावनात रमणारी कळसू नावाची कोळ्याची मुलगी पायथ्याच्या इंदोर गावी (हे उदयनगरकरांच्या ओळखीचे इंदूर नव्हे) एका घरी कामास राहिली. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, ही तिची अट. काही काळाने कोणी तरी तेच काम सांगितले. तिने ते मुकाट्याने केले, आणि लगेच डोंगर चढून गेली. उरलेले आयुष्य तिने माथ्यावरच काढले. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून ओळखली जाते. भांडण नाही, तक्रार नाही. मोडलेल्या शब्दास तिने दिलेले उत्तर आजही पायथ्यावरून दिसते.

मुनी परतले नाहीत, कळसू परतली नाही. हौसेने जाणाऱ्यास मात्र परतावयाचे असते, आणि एकट्याची खरी कसोटी तेथेच आहे. बारी गावातून निघाल्यास माथा गाठण्यास तीनएक तास लागतात. कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. चढताना त्यांचे भय वाटत नाही, कारण दृष्टी वर असते. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ. एका अंगास अलंग, मदन, कुलंग, दुसऱ्या अंगास भंडारदऱ्याचे पाणी आणि पलीकडे रतनगड. तेथे वेळ कसा जातो ते कळत नाही. सोबती असता तर त्याने हटकले असते.

जपानमध्ये, जेथे डोंगर चढण्याचा छंद घरोघरी आहे, पुष्कळ वाटांच्या आरंभी एक पेटी ठेवलेली असते. चढणाऱ्याने आपले नाव, ठरविलेली वाट आणि परतण्याची वेळ चिठ्ठीवर लिहून तीत टाकावयाची. माणूस आला नाही तर कोठे शोधावयाचे, हे मागे राहिलेल्यांस कळते. आपल्याकडे पेटी नसली तरी बारीत न्याहारी करताना घरधन्याच्या कानावर दोन शब्द घालता येतात. उदयनगरकडे तर पावसाळ्यात याची अधिकच गरज. सागाची पाने सुपाएवढी होतात आणि सकाळची पायवाट दुपारी सापडत नाही.

उतरताना त्याच शिड्यांवर तोंड कातळाकडे करावे लागते. खालची पायरी दिसत नाही; पाऊलच तिला चाचपून शोधते. खाली बारीच्या घरांतून चुलीचा धूर निघू लागलेला असतो आणि सकाळी न्याहारी वाढणारी घरधनीण अंगणातून वर पाहत असते.